मेलमधल्या पत्त्यांचा बॅकअप: घ्यायचा कसा, परत भरायचा कसा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानात संध्याकाळी विचारा, टॅलीचा बॅकअप घेतला का? बहुतेक ठिकाणी हो म्हणतील. मग विचारा, मेलमधल्या पत्त्यांचा घेतला का? समोरचा माणूस नुसता बघत राहतो. हिशोब वेळ पडली तर बिलांवरून पुन्हा उभा करता येतो. पण राजापुरी हळदीचा नमुना मागणाऱ्या परगावच्या खरेदीदाराचा पत्ता, बेदाणा ठेवलेल्या कोल्ड स्टोअरेजचा मेल, ट्रान्सपोर्टवाला, सीए, बँकेतले साहेब, ही यादी कुठल्याच वहीत नसते. ती वर्षानुवर्षं मेल करता करता कॉम्प्युटरमध्ये साठलेली असते.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुनी मशीन बदलणारे सध्या बरेच आहेत, आणि पत्ते हरवायची हीच वेळ असते. काम अवघड नाही. हजार पत्त्यांची फाइल, त्यात फोटो नसतील तर, मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही लहान होते. फक्त ती योग्य जागेवरून काढायला हवी.

पत्ते नक्की कुठे आहेत?

मेल लिहिताना 'टू'च्या रकान्यात दोन अक्षरं टाइप केली की नाव आपोआप येतं. म्हणून पत्ता सेव्ह आहे असं धरून चालू नका. ती पूर्वी पाठवलेल्या मेलवरून तयार झालेली सूचनांची यादी असू शकते, ती अॅड्रेस बुकपेक्षा वेगळी असते आणि बॅकअपच्या फाइलमध्ये येत नाही. खात्री करायची असेल तर अॅड्रेस बुक उघडा आणि रोजच्या कामातली पाच-सात नावं शोधा. एखादं सापडलं नाही तर त्या माणसाचा जुना मेल उघडा, पत्त्यावर राइट क्लिक करा आणि तो कॉन्टॅक्टमध्ये घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर पुढचं सगळं अर्धवट राहतं.

दुसरी गफलत आउटलुक वापरणाऱ्यांची. जीमेलचं किंवा कंपनीच्या डोमेनचं खातं आउटलुकमध्ये आयमॅप पद्धतीने जोडलेलं असेल, तर मेल सर्व्हरवर असतात, पण पत्ते नसतात. कॉन्टॅक्टच्या फोल्डरच्या नावापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे हे पत्ते फक्त याच मशीनवर आहेत. मेल येईना झाला की दुरुस्तीला आलेला पोरगा खातं काढून पुन्हा जोडतो. मेल परत येतात, सगळे खूश होतात, आणि पत्ते गेल्याचं चार दिवसांनी लक्षात येतं. तेव्हा खात्याला हात लावू देण्याआधी बॅकअप घ्या.

मोबाइलला सिंक आहे म्हणून निवांत असणारेही पुष्कळ. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं एवढंच. घरातल्या पोराने मोबाइलवर शंभर नंबर पुसले तर ते कॉम्प्युटरवरूनही तितक्याच इमानदारीने पुसले जातात.

आउटलुकमधून पत्ते काढणं

जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये 'फाइल' मेन्यूत जा, 'ओपन अँड एक्सपोर्ट' घ्या, मग 'इम्पोर्ट/एक्सपोर्ट'. समोर आलेल्या चौकटीत 'एक्सपोर्ट टू अ फाइल' निवडा. इथे दोन वाटा फुटतात. एक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेली साधी मजकुराची फाइल. दुसरी पीएसटी, म्हणजे आउटलुकची स्वतःची फाइल. पुढच्या पानावर फोल्डर विचारतात, तिथे 'कॉन्टॅक्ट्स'च निवडा. बरेच जण घाईत इनबॉक्सवरच ओके करतात. फाइल तयार होते, पण भलतीच.

दोन्ही प्रकार घ्या असं मी सांगेन. सीएसव्ही बहुतेक मेल प्रोग्रॅमना वाचता येते, पण तिच्यात ग्रुप येत नाहीत. रोज सौदे झाले की भावपत्रक पाठवायला चाळीस व्यापाऱ्यांचा एक ग्रुप केला असेल, तर सीएसव्हीतून ते चाळीस जण सुटे सुटे परत येतील आणि ग्रुप येणार नाही. पीएसटीमध्ये ग्रुप जसाच्या तसा राहतो. पीएसटीला पासवर्ड टाकायची सोय आहे. टाकलात तर तो लिहून ठेवा.

नव्या आउटलुकमध्ये मेन्यू बदललेत. तिथे डावीकडच्या पट्टीत 'पीपल'वर जाऊन 'मॅनेज कॉन्टॅक्ट्स'मध्ये एक्सपोर्ट सापडतं आणि सीएसव्ही मिळते. त्यामुळे तिथे ग्रुपमधल्या नावांची यादी वेगळी टाइप करून किंवा स्क्रीनचा फोटो काढून ठेवणं बरं.

थंडरबर्ड

मेलचा फुकट आणि चांगला प्रोग्रॅम. जुन्या ऑफिसांमध्ये अजून बराच दिसतो. त्याचं अॅड्रेस बुक उघडलंत की डावीकडे किमान दोन पुस्तकं दिसतील: 'पर्सनल अॅड्रेस बुक' आणि 'कलेक्टेड अॅड्रेसेस'. तुम्ही ज्यांना मेल पाठवलेत त्यांचे पत्ते दुसऱ्यात आपोआप जमा होतात. अनेकांचे खरे कामाचे पत्ते याच दुसऱ्या पुस्तकात असतात, आणि बॅकअप मात्र पहिल्याचाच घेतला जातो. एका वेळी एकच पुस्तक एक्सपोर्ट होतं, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी फाइल करा. पुस्तकाच्या नावावर राइट क्लिक, एक्सपोर्ट, आणि प्रकार विचारला की एलडीआयएफ निवडा. यात मेलिंग लिस्टही येतात. पत्ते मोबाइलमध्येही न्यायचे असतील तर आणखी एक प्रत व्हीकार्ड, म्हणजे मोबाइलला वाचता येणाऱ्या पत्त्यांच्या फाइलच्या प्रकारात घ्या.

सगळं बिऱ्हाडच हलवायचं असेल तर 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन'मध्ये प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. ते दाबून फोल्डर कुठे आहे ते बघून घ्या, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खा फोल्डर कॉपी करा. प्रोग्रॅम चालू असताना केलेली कॉपी अर्धवट होऊ शकते.

जीमेल

ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा आणि एक्सपोर्ट करा. तीन पर्याय येतात. पुन्हा गूगलमध्येच भरायचे असतील तर गूगल सीएसव्ही, आउटलुकसाठी आउटलुक सीएसव्ही, आणि आयफोनसाठी व्हीकार्ड. गूगल सीएसव्हीत लेबलं, म्हणजे गूगलमधले ग्रुप, तेही येतात. डावीकडे 'अदर कॉन्टॅक्ट्स' नावाचा वेगळा कप्पा आहे, तोही बघा. ज्यांना फक्त मेल केलेत, पण नाव सेव्ह केलं नाहीत, ते पत्ते तिथे पडलेले असतात. हवे ते निवडून मुख्य यादीत घ्या आणि मगच एक्सपोर्ट करा.

गूगलची एक सोय फार कमी जणांना माहीत आहे. सेटिंगच्या चाकात 'अनडू चेंजेस' असतं. त्यातून तुमची यादी दहा मिनिटांपूर्वी, तासापूर्वी, काल, आठवड्यापूर्वी किंवा जास्तीत जास्त ३० दिवसांपूर्वी होती तशी परत करता येते. नुकतंच काही पुसलं गेलं असेल तर बॅकअपची फाइल शोधत बसण्याआधी हे करून बघा. मात्र त्या दिवसानंतर टाकलेले नवे पत्ते यात जातात, म्हणून आधी आजची यादी एक्सपोर्ट करून ठेवा.

एक्सेलमध्ये उघडून बघायचा मोह

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते, आणि नासाडी तिथेच होते. सांगलीचा एसटीडी कोड ०२३३. लँडलाइन नंबर मध्ये डॅश किंवा जागा न सोडता सलग लिहिलेला असेल तर एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन टाकतं. मोबाइल नंबर ९१ सह बारा आकडी झाला की त्याचं ९.१९ आणि पुढे ई अधिक ११ असं काहीतरी दिसायला लागतं. हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर हरकत नव्हती. पण तुम्ही सवयीने सेव्ह दाबता, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहिलं जातं. मूळ नंबर गेला. मराठीत लिहिलेली नावंही अशा उघडण्यात कधी कधी किडामुंगीसारखी चिन्हं होऊन बसतात.

म्हणून मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडूच नका. आत काय आहे ते बघायचंच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेलमध्येच काम करायचं असेल तर कोरी शीट घेऊन 'डेटा'मधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' या वाटेने फाइल आणा, फाइलच्या मूळ लिपीसाठी '६५००१ युनिकोड यूटीएफ-८' निवडा आणि नंबरांचे रकाने 'टेक्स्ट' करा. हे सगळं मूळ फाइलच्या कॉपीवर करायचं.

नव्या मशीनवर परत भरताना

सगळे पत्ते एकदम मुख्य यादीत ओतू नका. आउटलुकमध्ये कॉन्टॅक्टचा एक नवा रिकामा फोल्डर करा, थंडरबर्डमध्ये नवं अॅड्रेस बुक करा, आणि आधी तिथे भरा. चुकलं तर तो फोल्डर पुसायचा, मूळ यादीला धक्का नाही.

आउटलुकमध्ये वाट तीच, 'इम्पोर्ट/एक्सपोर्ट'ची, फक्त या वेळी 'इम्पोर्ट फ्रॉम अनदर प्रोग्रॅम ऑर फाइल' घ्यायचं. मधे दुबार नोंदींबद्दल विचारतात: जुन्यावर नवी लिहायची, दोन्ही ठेवायच्या, की दुबार आली तर घ्यायचीच नाही. रिकाम्या फोल्डरमध्ये भरताय म्हटल्यावर काहीही निवडलं तरी चालतं. चालू यादीत भरत असाल तर तिसरा पर्याय घ्या, नाहीतर एकेक माणूस तीन-तीनदा दिसतो आणि कुठला पत्ता चालू आहे ते कळेनासं होतं. दुसऱ्या प्रोग्रॅममधून आलेली सीएसव्ही असेल तर 'मॅप कस्टम फील्ड्स' उघडून कुठला रकाना कुठे जातोय ते नजरेखालून घाला. मोबाइल नंबर फॅक्सच्या रकान्यात जाऊन बसणं ही नेहमीची गंमत आहे.

व्हीकार्डच्या बाबतीत आउटलुकचा हट्ट वेगळा. एका फाइलमध्ये पाचशे जण असले तरी जुनं आउटलुक त्यातला पहिलाच घेतं आणि गप्प बसतं. अशी फाइल आधी गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये भरा, तिथून आउटलुक सीएसव्ही काढा आणि ती आउटलुकला द्या.

थंडरबर्डमध्ये 'टूल्स'मधून 'इम्पोर्ट', मग अॅड्रेस बुक, मग फाइलचा प्रकार. सीएसव्ही असेल तर पहिली ओळ रकान्यांच्या नावांची आहे अशी खूण ठेवा, नाहीतर 'फर्स्ट नेम' नावाचा एक गृहस्थ तुमच्या यादीत कायमचा राहायला येतो.

गूगलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ३,००० पत्ते भरता येतात. यादी मोठी असेल तर फाइलचे तुकडे करा. भरलेल्या पत्त्यांना त्या दिवसाच्या तारखेचं लेबल आपोआप लागतं. काही बिघडलं तर लेबल उघडून तेवढेच पुसता येतात.

भरून झालं की आधी एकूण आकडा जुन्या मशीनशी ताडून बघा. मग चार नावं उघडा: एक मराठीत लिहिलेलं, एक लँडलाइनवालं, एक दोन मेल असलेलं आणि एक अगदी जुनं. ग्रुप उघडून आत माणसं आहेत ना बघा. तपासायला म्हणून सगळ्या ग्रुपला मेल टाकू नका, लोक उगाच फोन करत बसतात.

प्रत ठेवायची कुठे?

२००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ पाण्याखाली होती. ज्या टेबलावर कॉम्प्युटर त्याच टेबलाच्या खणात पेनड्राइव्ह, अशी व्यवस्था असेल तर पुरात दोन्ही एकत्रच भिजतात. एक प्रत क्लाउडवर ठेवा, आणि एक पेनड्राइव्हवर विट्याला किंवा तासगावला पाहुण्यांकडे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. आकडे तिथे पोचेपर्यंत थांबू नका, तेव्हा दुकानातला माल हलवायची घाई असते.

बॅकअप घ्यायला दोन वेळा सोयीच्या. एक, मे महिन्याच्या शेवटी. नव्या हळदीची आवक उन्हाळ्यात जोरात असते आणि हंगामातले नवे खरेदीदार तोवर यादीत आलेले असतात. दुसरी, दिवाळीनंतर. शिवाय मशीन दुरुस्तीला देताना आणि मेलचं खातं काढताना-जोडताना घ्यायचाच.

फाइलच्या नावात तारीख टाका, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. नव्या फाइलने जुनी पुसू नका, मागच्या तीन तरी राहू द्या. यादी बिघडल्याचं उशिरा लक्षात आलं तर त्याच कामाला येतात. ही फाइल उघडी असते, कुणीही वाचू शकतं, आणि तिच्यातले नंबर दुसऱ्यांचे असतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. क्लाउडवर ठेवताना पासवर्डची झिप करून ठेवा.

जुनी मशीन लगेच फॉरमॅट मारू नका. महिनाभर कोपऱ्यात राहू द्या. एखादा पत्ता राहिलाच असेल तर तो या महिन्यात कळतो. नंतर विकताना किंवा भंगारात देताना हार्ड डिस्क नीट पुसून घ्या, किंवा काढून स्वतःकडे ठेवा.