स्पोर्ट्स इंज्युरी शिकायला जाताय? मग आधी धडधाकट गुडघे तपासायला लागा

अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग शिकतेय असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणजे जिममध्ये व्यायाम करून घेणार का? तर नाही. दुखापत होऊ नये म्हणून आधी काय करायचं, झालीच तर मैदानावर पहिल्या मिनिटात काय करायचं, आणि मग तो खेळाडू परत जोरात पळायला लागेपर्यंत त्याच्यासोबत काय काय करायचं, हे सगळं यात येतं. अमेरिकेत ही वेगळी हेल्थकेअर शाखाच आहे, तिथे या लोकांची राष्ट्रीय संघटना १९५० साली झाली, १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने शाखेला मान्यता दिली, आणि आता नव्याने येणाऱ्यांना मास्टर्स करून मग सर्टिफिकेशनची परीक्षा द्यावी लागते. बाकी बऱ्याच ठिकाणी हेच काम स्पोर्ट्स फिजिओथेरपी किंवा स्पोर्ट्स रिहॅब या नावाने शिकवतात. म्हणून कॉलेज निवडताना कोर्सच्या नावावर जाऊ नका, दोनच गोष्टी विचारा. ही डिग्री झाल्यावर मला कुठल्या लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं, आणि मैदानावरचं काम कितव्या महिन्यापासून सुरू होतं. दुसऱ्याचं उत्तर "शेवटच्या वर्षी" असं आलं तर मी तरी दुसरं कॉलेज बघेन.

आता शिकायचं कसं ते सांगते.

माझ्या पहिल्या प्लेसमेंटला एक मुलगी गुडघा धरून बाहेर आली, उडी मारून उतरताना पाय वळला म्हणे. मी लगेच लॅकमन टेस्ट केली, म्हणजे गुडघा २०-३० अंश वाकवून एका हाताने मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगीचं हाड पुढे ओढून बघायचं, आतलं एसीएल लिगामेंट (लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) शाबूत असेल तर ते एकदम ठाम थांबतं. माझ्या हाताला तसं थांबणं लागलंच नाही, मला वाटलं गेलं हिचं एसीएल, आणि ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं, ती रडायलाच लागली. आमच्या मॅडम आल्या, त्यांनी आधी तिचा दुसरा, चांगला गुडघा तपासला. तोही तितकाच सैल. तिचे सगळेच सांधे मुळात सैल होते, लिगामेंटला काहीही झालं नव्हतं. मी तोवर ही टेस्ट मोजून सहा-सात जणांवर केली होती, नॉर्मल म्हणजे किती हेच माझ्या हाताला ठाऊक नव्हतं तर बिघडलेलं कुठून कळणार. त्या मुलीचा तो चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला हेच सांगते, पहिले सहा महिने जो समोर येईल त्याचे सांधे तपासा. रूममेट, वर्गातली मुलं, घरचे, सगळे. अर्थात विचारून, कुठे हात लावणार आणि कशासाठी ते आधी सांगून, समोरचा हो म्हणाला तरच. ही विचारायची सवय पुढे पेशंटच्या वेळीही लागते, तेव्हा ती आत्ताच लावून घ्या. आणि नेहमी चांगली बाजू आधी. चांगल्या बाजूवर टेस्ट केली की खेळाडूलाही कळतं आता काय होणार आहे, तो अंग सैल सोडतो, आणि तुम्हाला तुलनेला माप मिळतं.

अ‍ॅनाटॉमी पाठ करून डोक्यात राहत नाही, निदान माझ्या तरी राहिली नाही. बोटांनी शिकायची. धुता येणाऱ्या मार्करने मित्राच्या पायावरच काढा, हाडाचे उंचवटे आधी, मग लिगामेंट कुठून निघून कुठे जातं ते, मग स्नायू. घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून पुढे तिरकं जाणारं एक छोटं लिगामेंट आहे, एटीएफएल, पाय आत मुरगळला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी तेच दुखावतं. डोळे मिटून त्याच्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. ते जमलं की त्याच्या मागे, खाली, पुढे काय आहे ते आपोआप जागेवर बसत जातं.

चाचपणीचा उपयोग कुठे होतो त्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ओटावा अँकल रूल्स. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले, मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवायला. घोट्याच्या भागात दुखत असेल आणि आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकाला, नाहीतर त्याच हाडाच्या मागच्या कडेला खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे. पायाच्या मधल्या भागात दुखत असेल तर आतल्या बाजूचं नॅविक्युलर नावाचं हाड आणि करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाचं बूड दाबून बघायचं. आणि दोन्हीकडे, दुखापत झाल्या झाल्या आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलंही धरायची. हे वाचायला पाच मिनिटं लागतात, पण सुजलेल्या पायात ते नॅविक्युलर शोधून दाखवा, मग कळेल आधी शंभर चांगले पाय का चाचपायचे.

तपासायचा क्रम मोडू नका. आधी विचारा, मग बघा, मग चाचपा, मग हालचाल आणि ताकद, आणि स्पेशल टेस्ट सगळ्यात शेवटी. विद्यार्थी असताना सगळ्यांना थेट टेस्टवर उडी मारायची घाई असते (मी वर सांगितलंच), पण अर्धी गोष्ट खेळाडू स्वतःच सांगतो, पाय कसा पडला, आवाज आला का, लगेच सुजलं की दुसऱ्या दिवशी. गुडघा तासा-दोन तासांत टम्म फुगला तर आत रक्तस्राव झाल्याची शंका घ्यायची, रात्रभरात हळूहळू सुजला तर विचार वेगळा. टेस्ट पाठ करताना नुसती कशी करतात ते लिहू नका, ती पॉझिटिव्ह आली तर किती भरवसा ठेवायचा आणि निगेटिव्ह आली तर किती, हे पण शेजारी लिहा, कारण काही टेस्ट दुखणं नाही हे सांगायला चांगल्या असतात आणि आहे हे सांगायला कच्च्या.

टेपिंगबद्दल थोडक्यात, कारण मुलं त्यावर गरजेपेक्षा जास्त जीव टाकतात. घोटा ९० अंशात ठेवायला सांगा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवा, सुरकुती राहू देऊ नका नाहीतर फोड येतो, आणि झाल्यावर पायाच्या नखावर दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. मुंग्या येतात म्हणाला तर सरळ कापून परत करा. रोज दोन टेप महिनाभर केल्या की हात बसतो. पण हेही लक्षात असू द्या की अर्धा तास जोरात खेळलं की टेपचा घट्टपणा बराच उतरतो, म्हणून एका पायावर तोल सांभाळायचे आणि पोटरीच्या ताकदीचे व्यायाम चालूच ठेवायचे असतात.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले ते. जीवघेणे प्रसंग. ते क्वचित येतात आणि म्हणूनच त्यांची तयारी मागे पडते. १२ जून २०२१ ला युरो कपच्या मॅचमध्ये डेन्मार्कचा क्रिश्चन एरिक्सन कुणाचाही धक्का न लागता कोसळला, हृदय बंद पडलं होतं, मैदानावरच सीपीआर आणि शॉक देऊन त्याला परत आणलं, नंतर तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. तिथे सगळं हाताशी होतं, तुमच्या प्रॅक्टिसच्या मैदानावर ते असेल का? धक्का न लागता पडलेला आणि हाकेला ओ न देणारा खेळाडू म्हणजे हृदय थांबलंय असंच धरायचं. अंगाला झटके येताना दिसले तरी, घशातून मधूनच घरघर आली तरी, कारण ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. कुणालातरी मदतीला फोन करायला लावून लगेच छाती दाबायला सुरू करायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटीमीटर खोल, आणि दुसऱ्याला एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं छोटं मशीन, आणायला पळवायचं. शॉकविना जाणारं प्रत्येक मिनिट वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं. तर नव्या मैदानावर पहिल्या दिवशी गेलात की बॅग ठेवायच्या आधी एईडी कुठे आहे ते बघा, त्या खोलीला कुलूप असतं का, चावी कुणाकडे, अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या गेटने आत येते, आणि एकदा घड्याळ लावून खरंच पळत जाऊन आणून बघा.

उष्माघाताचंही तसंच. कडक उन्हात पळणारा खेळाडू बरळायला लागला, चिडचिड करायला लागला, भेलकांडला, की शंका घ्या. शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि सोबत मेंदूवर परिणाम, म्हणजे उष्माघात. कपाळाचं, कानाचं, तोंडाचं थर्मामीटर इथे फसवतं, गुदद्वारातून घेतलेलं तापमानच धरतात, आणि ते घ्यायला लाजायचं नाही हे कॉलेजातच पुतळ्यावर सराव करून शिकून घ्या. उपाय एकच, गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात, अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरवायचं, ३९ च्या जवळ आलं की बाहेर काढायचं. आधी थंड करायचं आणि मगच हॉस्पिटलला हलवायचं. आजूबाजूचे सगळे लगेच गाडीत घाला म्हणून ओरडत असतात तेव्हा हे ठामपणे सांगायला जीभ तयार लागते, म्हणून वर्गात मोठ्याने बोलून सराव करा, मी गंभीरपणे सांगतेय.

डोक्याला मार लागला तर बेशुद्ध झाला नाही म्हणून सोडून देऊ नका, बहुतेक कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला हादरा बसतो तेव्हा, शुद्ध जातच नाही. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत खेळणं नाही. २०२३ मध्ये आलेला स्कॅट-६ हा तपासणीचा फॉर्म नीट करायला १०-१५ मिनिटं तरी लागतात, कोच दोन मिनिटांत उत्तर मागतो. परत खेळण्याच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला कमीत कमी २४ तास.

रिहॅबचा अभ्यास करताना जुने शब्द कुठून आले ते बघा, त्याने समज पक्की होते. राइस, म्हणजे विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, हा शब्द १९७८ मध्ये डॉक्टर गेब मिर्किन यांनी आणला आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती बरं होणं लांबवू शकतात. आता दुखणं कमी करायला थोडा बर्फ ठीक, पण लवकर आणि मोजून भार द्यायचा यावर जोर आहे. आणि वेळ पाळायची. एसीएलच्या ऑपरेशननंतर मुलं पाचव्या-सहाव्या महिन्यात "आता काही दुखत नाही" म्हणून मागे लागतात, पण २०१६ च्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आली का, तेही मोजूनच बघायचं, नुसतं बघून अंदाज करायचा नाही.

नोंदी त्याच दिवशी लिहा. खेळाडू काय म्हणाला, तुम्हाला काय सापडलं, तुम्हाला काय वाटतं, पुढे काय करणार, याच क्रमाने. त्यात तुमचं मत आणि तुम्हाला दिसलेलं वेगळं ठेवा. आणि त्या नोंदीतलं काहीही कँटीनमध्ये बोलायचं नाही, खेळाडूचा जवळचा मित्र विचारत असला तरी नाही.

अभ्यासाचं वेळापत्रक म्हणाल तर संध्याकाळ मैदानावर जाते, थकून रात्री वाचलं तर काही टिकत नाही, म्हणून मी सकाळी चाळीस मिनिटं आदल्या दिवशी पाहिलेल्या एकाच दुखापतीवर वाचायचे. खांदा निखळलेला पाहिला तर दुसऱ्या दिवशी खांदा. सिलॅबसचा क्रम मोडतो, मोडू दे. परीक्षेच्या महिन्यात बघितलं तर निम्म्याहून जास्त धडे असेच झालेले होते, आणि प्रत्येक धड्याला एक चेहरा होता.