आधी मोडेमला गप्प करा, मग पीएलसी बोलेल

दूरच्या पंपघरात एक पीएलसी (पंप चालवणारा छोटा औद्योगिक संगणक), इकडे कंट्रोल रूममध्ये स्काडाचा, म्हणजे दुरून देखरेख करणारा, संगणक आणि मधे साधी टेलिफोन लाइन. अशा जोडण्या मी बरीच वर्षं करतेय. काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण थेट साइटवर जाऊन सुरू केलं तर दोन दिवस खातं. म्हणून पीएलसी, दोन्ही मोडेम आणि संगणक आधी एकाच टेबलावर मांडा. मधे ईपीएबीएक्सची (ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची) दोन एक्स्टेन्शन घ्या. तिथला डायल टोन ओळखता न आल्यामुळे मोडेम पुष्कळदा अडून बसतो. तेव्हा टर्मिनल प्रोग्रॅममधून मोडेमला एटीएक्स३ ही कमांड द्या, मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

केबलपासून सुरुवात करू. संगणक ते मोडेम ही केबल सरळ असते: पिन २ ला २, ३ ला ३, ५ ला ५. पीएलसीच्या पोर्टचा मात्र भरवसा नाही. मॅन्युअल शोधत बसण्यापेक्षा मी मीटर लावते. केबल काढून ठेवा, काळी प्रोब ५ वर आणि लाल प्रोब आळीपाळीने २ आणि ३ वर. ज्या पिनवर स्थिर उणे व्होल्टेज दिसेल (साधारण उणे ५ ते उणे १२), ती पाठवणारी पिन. ३ वर दिसलं तर पोर्ट संगणकासारखा आहे, सरळ केबल चालेल. २ वर दिसलं तर २ आणि ३ उलटसुलट करा. हे आरएस-२३२ साठी, म्हणजे संगणकासारख्या सिरियल पोर्टसाठी झालं. पीएलसीला फक्त आरएस-४८५ हा दुसऱ्या प्रकारचा सिरियल पोर्ट असेल तर मधे कन्व्हर्टर लागतो, आणि तो दिशा आपोआप बदलणारा घ्या.

आता पॅरिटी, म्हणजे चूक पकडायला प्रत्येक कॅरॅक्टरला जोडलेला जादा बिट. मॉडबस आरटीयूमध्ये (स्काडा आणि पीएलसी ज्या भाषेत बोलतात ती) नियमाप्रमाणे एक कॅरॅक्टर ११ बिटचं असतं: स्टार्ट, ८ डेटा, पॅरिटी, स्टॉप. टेलिफोनचे बरेचसे मोडेम मात्र १० बिटचेच. त्यामुळे दोन्हीकडे ८ डेटा, पॅरिटी नाही, १ स्टॉप असं ठेवा. ईव्हन पॅरिटी तशीच राहिली तर कॉल लागतो, दिवे लुकलुकतात आणि स्क्रीनवर सगळीकडे सीआरसी (संदेशाच्या शेवटी येणारा तपासणीचा आकडा) एरर.

यानंतर येतो वेग. इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय. पहिल्याच साइटचा मोडेम मी लॅपटॉपवरून १,१५,२०० वर सेट केला आणि सगळं जतन केलं. पीएलसीचा पोर्ट ९,६०० वर होता. मोडेम आपल्या पोर्टचा वेग 'एटी' ही दोन अक्षरं ऐकून ओळखतो. लॅपटॉप ती पाठवतो, पीएलसी बिचारा कधीच पाठवत नाही. त्यामुळे मोडेम जतन केलेल्या जुन्याच वेगाने बोलत राहिला आणि मी लाइनवाल्यांना फोन करत बसले. तेव्हापासून पीएलसीचा जो वेग, त्याच वेगाने टर्मिनल उघडून कमांड द्यायच्या, हा माझा शिरस्ता.

साइटच्या मोडेमला मी देते त्या कमांड अशा. आधी एटी&एफ, म्हणजे फॅक्टरी सेटिंग. मग एटीएस०=१, म्हणजे पहिल्या रिंगला फोन उचल. तीन तारांच्या केबलमध्ये डीटीआर ('मी तयार आहे' हा इशारा) येतच नाही, आणि डीटीआर नाही म्हणून पुष्कळ मोडेम फोनच उचलत नाहीत. त्यासाठी एटी&डी०. फ्लो कंट्रोल ('थांब', 'पाठव' असे इशारे) बंद करायला एटी&के०; काही मोडेममध्ये ही कमांड वेगळी असते. मग एटीई०, एको, म्हणजे आलेली कमांड परत पाठवणं, बंद. सगळ्यात शेवटी एटीक्यू१ आणि एटी&डब्ल्यू, म्हणजे सेटिंग जतन. क्यू१ दिल्यावर मोडेम 'ओके' म्हणणं सोडून देतो. नवखी मुलं इथे घाबरतात, मोडेम मेला म्हणून. मेला नाही, गप्प झालाय, आणि आपल्याला तेच हवंय. नाहीतर फोन आला की तो पीएलसीच्या कानात 'रिंग', 'कनेक्ट' असं ओरडतो. पीएलसीला ते मोडकंतोडकं मॉडबस वाटतं.

कंट्रोल रूमच्या मोडेमला मात्र एटी&डी२ ठेवा. संगणकाने डीटीआर सोडला की फोन ठेवला गेला पाहिजे. दोन्हीकडे डी० ठेवलं तर लाइन अडकून राहते. साइटच्या बाजूला निष्क्रियतेचा टायमरही लावा. पुष्कळ मोडेममध्ये तो एस३० या सेटिंगमध्ये असतो, पण त्याचं एकक प्रत्येकाचं वेगळं.

आता खरी मेख. मॉडबस आरटीयूमध्ये संदेश कुठे संपला हे शांततेवरून कळतं: ३.५ कॅरॅक्टरइतकी शांतता म्हणजे संदेश पूर्ण. ९,६०० वर ती जेमतेम ४ मिलिसेकंद भरते. मोडेममधलं एरर करेक्शन आणि कॉम्प्रेशन डेटा साठवून गठ्ठ्यागठ्ठ्यानं पुढे ढकलतं. मधे फट पडली की पीएलसी अर्धाच संदेश पूर्ण समजतो आणि फेकून देतो. म्हणून दोन्ही बंद करा. बऱ्याच मोडेममध्ये एटी\एन० आणि एटी%सी०, सेटिंग जतन करण्याआधीच. चुका पकडायला सीआरसी आहेच. लाइनचा वेगही ९,६०० च्या वर नेऊ नका. खराब लाइनवर मी १,२०० वरही समाधानी असते.

जास्त वेगाचा मोह का नको, ते आकड्यांत बघा. ४० रजिस्टर (पीएलसीच्या मेमरीतले आकड्यांचे कप्पे) वाचायला प्रश्न ८ बाइटचा, उत्तर ८५ बाइटचं. ९,६०० वर दोन्ही मिळून सुमारे ०.१ सेकंद. नंबर फिरवून मोडेम जुळायलाच वीस-तीस सेकंद जातात! तेव्हा एका कॉलमध्ये जमेल तेवढं उरका: एका प्रश्नात १२५ पर्यंत रजिस्टर मागता येतात. टँकच्या पातळीची नोंद पीएलसीनेच वेळेसकट साठवावी आणि तासातासाने एका कॉलमध्ये द्यावी. स्काडात टाइमआउट २ ते ३ सेकंद ठेवा. रजिस्टर एकाने सरकलेली दिसली तर दचकू नका, ४०००१ क्रमांकाच्या रजिस्टरचा संदेशातला पत्ता ० असतो.

जीएसएम मोडेम असेल तर आधी एटी+सीएसक्यू, म्हणजे सिग्नलची ताकद विचारा. उत्तर ० ते ३१ मध्ये येतं, ९९ म्हणजे पत्ताच नाही. १० च्या खाली मी अँटेना हलवल्याशिवाय पुढे जात नाही. मोबाइल डेटा वापरणार असाल तर साइटला बहुधा खासगी आयपी मिळतो आणि बाहेरून तिथे पोचता येत नाही. साइटकडूनच व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, सुरक्षित जोडणी) उघडा. मॉडबसचा ५०२ पोर्ट मात्र इंटरनेटवर उघडा सोडू नका, मॉडबसला पासवर्ड ठाऊकच नाही.

एक रिले विसरू नका. पीएलसीच्या एका आउटपुटवर रिले लावा आणि मोडेमचा सप्लाय त्या रिलेच्या एनसी (रिलेला वीज नसताना जोडलेला राहणाऱ्या) काँटॅक्टवरून न्या. बारा तासांत एकही प्रश्न आला नाही तर लॅडरने (पीएलसीच्या प्रोग्रॅमने) दहा सेकंद सप्लाय तोडावा. एनसी अशासाठी, की पीएलसी बंद पडला तरी मोडेम चालू राहतो.

मग टेबलावरच छळ सुरू करा. चालू कॉलमध्ये लाइन उपटा, मोडेमची वीज घालवा, संगणक रीस्टार्ट करा. प्रत्येक वेळी कोणी हात न लावता पुढचा कॉल लागला पाहिजे. रात्रभर दर दहा मिनिटांनी पोलिंग (कॉल करून पीएलसीला प्रश्न विचारणं) चालू ठेवून सकाळी फसलेले कॉल मोजते, मगच मोडेम पॅनेलमध्ये जातो.