केमोनंतर रक्तपेशींचे काउंट उतरतात तेव्हा घरी काय पाहावं

केमो घेऊन पेशंट घरी आला की सगळ्यांचं लक्ष उलट्या आणि जेवणाकडे असतं. पण बऱ्याच औषधांनी पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात त्या सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास. तोवर उलट्या थांबून घर निर्धास्त झालेलं असतं. म्हणून केमोच्या दिवशीच कॅलेंडरवर तो आठवडा रंगवून ठेवा.

पहिलं काम तापाचं. थर्मामीटर उशाशी ठेवा. पारा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर गेला, की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. डॉक्टरांशी बोलण्याआधी तापाची गोळी देऊ नका. ताप उतरेल, संसर्ग वाढतच राहील. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेल्या की पू होत नाही, लालीही फारशी दिसत नाही. अनेकदा ताप हीच एकमेव खूण असते. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात जीव गेलेले आहेत! कॅज्युअल्टीत शिरताच ‘केमो चालू आहे’ हे आधी सांगा, फाइल आणि शेवटचा सीबीसी (रक्तपेशी मोजल्याचा रिपोर्ट) पुढे करा. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. गावी राहत असाल तर रात्री कुठे जायचं, हे आधीच विचारून ठेवा.

दुसरं, प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी. रोज अंघोळीनंतर नडग्या पाहा. मोहरीएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, काळी शी दिसली तर लगेच कळवा. ब्रश मऊ घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. पपईच्या पानांचा कच्चा रस शेजारी प्रेमाने आणून देतील, पण पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं, न उकळलेलं काहीच पोटात नको.

हिमोग्लोबिन उतरलं तर दम लागतो, चक्कर येते. दरवेळी लोह कमी असतं असं नाही, पेशी बनवणारी अस्थिमज्जाच थकलेली असते. टॉनिक आणण्याआधी विचारा.

शेवटचं, शिरेत होणारी रक्ताची गुठळी. ही केमोशिवायही होते, कारण कॅन्सरमुळेच रक्त गोठण्याकडे झुकतं. पॅरिसचे डॉक्टर त्रूसो यांनी १८६५ मध्येच हे सांगितलं होतं. स्वादुपिंड आणि जठराच्या कॅन्सरमध्ये धोका जास्त. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर तेल लावून चोळू नका. त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट कॅज्युअल्टी गाठा.