‘आपली मराठी तेवढी चांगली नाही’ म्हणून थांबला असाल तर: इंदुरात बसून पहिले दहा तुकडे कसे लिहावेत

घरात मराठी, शाळेत हिंदी आणि नोकरीत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेला इंदूरकर मराठीत लिहायला बसतो तेव्हा विषय बहुतेक वेळा तयारच असतो. पेन अडतं ते ‘कवि’ की ‘कवी’ इथे. मग तो आधी व्याकरण पक्कं करू, थोडं वाचन वाढवू, नंतर लिहू असं ठरवतो आणि वही मिटते. मिटताक्षणी बरं वाटतं, आणि खरी गोम त्या बरं वाटण्यातच आहे. टाळल्यावर सुटका वाटली की मन टाळायलाच शिकतं आणि पुढच्या वेळी वही उघडणं आणखी जड जातं. म्हणून भीती गेल्यावर लिहायचं हा क्रम उलटा करावा लागतो. भीती असतानाच लिहायचं, फक्त काम इतकं लहान ठेवायचं की ती आडवी येऊ शकणार नाही.

पहिल्या दिवशी काही लिहू नका. एका कागदावर भीती वाक्यात मांडा. ‘मला जमणार नाही’ हे वाक्य चालणार नाही, त्याला हात घालता येत नाही. ‘पुण्याचे काका माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसतील’, ‘आत्याला वाटेल मी घरातलं बाहेर काढलं’, ‘मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वाचताना आवाज कापेल’ असं लिहा, म्हणजे कोण, काय करेल, कुठे. तीन-चार वाक्यांपेक्षा जास्त सहसा निघत नाहीत. प्रत्येकापुढे ती भीती किती वाटते याचा 0 ते 10 मध्ये आकडा टाका. हा कागद जपून ठेवा, पुढे लागेल.

आता काम: सहा आठवडे, दहा तुकडे, प्रत्येक तुकडा एका पानाचा, म्हणजे 200 ते 250 शब्दांचा. आठवड्यातून चार बैठका, प्रत्येकी 20 मिनिटं, गजर लावून. एक तुकडा साधारण दोन बैठकांत होतो. सहा आठवड्यांच्या 24 बैठकांपैकी 20 लिहिण्यात जातात आणि चार बुडालेल्या दिवसांसाठी उरतात. ही सवलत आधीच धरलेली असावी. नाहीतर पाहुणे आले, एक दिवस गेला आणि ‘आता काय, मोडलंच’ म्हणून सगळंच सुटतं.

शंभर पानी साधी वही घ्या. फोनवर लिहायचंच असेल तर कीबोर्डमध्ये मराठी भाषा वेगळी जोडून घ्या. हिंदी कीबोर्ड हिंदीच शब्द सुचवतो आणि त्याच्याशी झगडण्यात दहा मिनिटं जातात.

बैठकीचे नियम तीनच आहेत. खोडायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर शब्दाखाली रेघ मारून पुढे जायचं. मराठी शब्द आठवला नाही तर हिंदी शब्द तसाच लिहून त्याभोवती गोल करायचा. शंका कागदावर नोंदली गेली की डोक्यात फिरत राहत नाही, आणि रेघ मारायला एक क्षण लागतो. शब्दकोश उघडला तर बैठक तिथेच संपते.

विषय हाताला लागेल असा निवडा. ‘माझं बालपण’ या विषयावर नवशिक्या हमखास अडकतो, कारण सुरुवात कुठून करायची हेच ठरत नाही आणि त्या मोकळ्या जागेत शंका शिरते. त्याऐवजी: सकाळचा पोहेवाला वाफेवरच्या पोह्यांवर जिरावण मसाला आणि शेव कोणत्या क्रमाने टाकतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांकी, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला घरातले कुठे उभे राहायचे. 1991 साली हुकुमचंद कापड मिल बंद पडल्यावर शेजारच्या घरात सकाळची कोणती गोष्ट बदलली. रामबागेतल्या जुन्या घराचा जिना. अशा विषयात ‘बरोबर आहे का’ हे नजरेने तपासता येतं, म्हणून हात चालतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक घोळ होतोच: माणूस मागचं वाचतो. आयुष्यभर चांगलं वाचलेल्याची आवड त्याच्या हातापेक्षा कितीतरी पुढे असते, म्हणून स्वतःचं पान फिकं दिसतं. मग तो पहिलाच तुकडा पाच वेळा नव्याने लिहितो. याला तो मेहनत समजतो, पण हेही टाळणंच आहे. झालेल्या पानांना चिमटा लावून ती बंद करा आणि दहावा तुकडा होईपर्यंत उघडू नका. इथे आमचं मत अगदी ठाम आहे. पहिले दहा तुकडे चांगले व्हावेत अशी अपेक्षाच ठेवू नका, ते पूर्ण व्हावेत एवढंच पाहा.

सातव्या आठवड्यात दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा: आधी अर्थ, मग वाक्य, शेवटी शुद्धलेखन. उलट केलं तर जे वाक्य काढूनच टाकायचं होतं त्याच्या वेलांट्या सुधारण्यात संध्याकाळ जाते.

शुद्धलेखनाचं भय तर नियमांच्या आकाराएवढंही नाही. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम 14 होते, 1972 मध्ये त्यांत 4 जोडले गेले. हिंदी शाळेतून आलेल्याचे बरेचसे घोटाळे त्यांतल्या थोड्याच ठिकाणी होतात. संस्कृतातून आलेल्या शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहितात: कवी, बुद्धी, गुरू, वस्तू. असा शब्द समासात आधी आला की तो मूळचा ऱ्हस्व होतो: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा. मराठी शब्द अकारान्त, म्हणजे शेवटी ‘अ’ असलेला, असेल तर उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराचा) इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व: फूल-फुलाला, बहीण-बहिणीला, इंदूर-इंदुरात. संस्कृत शब्दांना हा बदल लागत नाही: शरीर-शरीराला. अनेकवचनी किंवा आदरार्थी शब्दाला प्रत्यय लावताना अनुस्वार: मुलांनी, आजोबांना. आणि ‘केले’ किंवा ‘केलं’ यांतलं एक धरा, दोन्हींची सरमिसळ नको. एवढं एका पोस्टकार्डावर लिहून वहीत ठेवा. रेघ मारलेले निम्मे शब्द त्यावरूनच सुटतात, उरलेले शब्दकोशातून.

गोल केलेल्या शब्दांबद्दल मात्र घाई करू नका. सगळं घासूनपुसून पुणेरी केलं तर तुकड्यातलं इंदूरच निघून जातं. एखादी मावशी ‘काय करून राहिली?’ असं विचारत असेल तर संवादात ते तसंच राहू द्या, तिचा आवाज त्या वाक्यात आहे. बदलायचं ते अर्थ फसवणारं. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘आपत्ति’ हिंदीत हरकत, मराठीत ‘आपत्ती’ म्हणजे संकट. ‘संशोधन’ हिंदीत दुरुस्ती, मराठीत शोधकार्य. निवेदनात हे आले तर वाचक भलतंच समजेल, म्हणून तिथे मराठी शब्द शोधाच.

‘महाराष्ट्राबाहेर राहून आपण कोण लिहिणारे’ ही शंका कागदावर असेल तर तिला उत्तर आहे. मराठी साहित्य संमेलन इंदुरात 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा भरलं. भा. रा. तांबे 1873 मध्ये आताच्या मध्य प्रदेशातल्या मुंगावलीला जन्मले आणि ग्वाल्हेरचे राजकवी झाले. माळव्यातून मराठीत लिहिणं ही पाहुण्याची भाषा कधीच नव्हती.

आता दाखवण्याचा भाग, इथे पायऱ्या न गाळणं सगळ्यात महत्त्वाचं. दार लावून एकट्याने मोठ्याने वाचा. मग फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका. मग एक माणूस, मग घरी चार माणसं चहाला बोलावून, आणि शेवटी मंडळ. प्रत्येक पायरीला भीतीचा तसाच आकडा टाका आणि तो निम्मा होईपर्यंत तीच पायरी पुन्हा करा. 8 चा 4 व्हायला कधी दोन वेळा लागतात, कधी सहा. थेट मंडळाच्या मंचावर उडी घेतली, मध्येच थांबून खाली उतरलात, तर उतरल्यावर आलेली सुटका टाळणंच पक्कं करते. अडखळलात तरी पान संपवूनच बसा.

पहिला श्रोता निवडताना फार प्रेमळ माणूस नको आणि चुका काढणाराही नको. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच मिळतं. त्याऐवजी ‘लक्ष कुठे सुटलं?’ आणि ‘कोणतं वाक्य आठवतंय?’ असे दोनच प्रश्न विचारा. उत्तर लिहून घ्या, समर्थन करू नका.

मंडळात वाचायचं पान 16 आकाराच्या अक्षरात, ओळींत मोकळी जागा सोडून छापा आणि पुठ्ठ्याच्या फाइलवर ठेवा. सुटा कागद थरथरतो आणि माइकजवळ खडखडतो. वाचण्याआधी पाच श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. एका पानाला दोन-सव्वादोन मिनिटं लागली पाहिजेत. दीड मिनिटात संपलं तर घाई झाली.

आत्याची शंका वेगळ्या जातीची. ती बहुधा खरीच असते, म्हणून तिच्याशी लढू नका. जिवंत माणसाबद्दल लिहिलं असेल तर बाहेर जाण्याआधी त्याला वाचून दाखवा, किंवा नाव, धंदा आणि गल्ली बदला. ही भीती लिहिण्याच्या बैठकीत आणायची मात्र नाही.

झोप उडणं, सतत धडधड, कशातच मन नसणं असं दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर हा वहीचा प्रश्न नाही, डॉक्टरांना भेटा.

दहांपैकी तीन तुकडे निवडून मराठीत टाइप करा. दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर दिवाळीच्या चार-पाच महिने आधी संपादकांना विचारा, एका वेळी एकाच अंकाला पाठवा आणि प्रत जवळ ठेवा. उत्तराला महिने लागू शकतात. पाठवाल त्याच संध्याकाळी वहीच्या कोऱ्या पानावर 11 हा आकडा टाका आणि गजर 20 मिनिटांवर लावा.