फोटोशॉपमध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटत होती : माझा अनुभव

पुण्यातील एका छायाचित्र प्रदर्शनाच्या फलकासाठी फोटोशॉपमध्ये ‘सिंहगडावरील सूर्योदय’ असे लिहिले, तेव्हा ‘सि’ची ऱ्हस्व वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसली आणि ‘र्यो’मधील रफार न जुळता ‘र’ पाय मोडलेला सुटा दिसू लागला. तोच मजकूर नोटपॅडमध्ये मात्र निर्दोष होता. मंगल, निर्मला, मुक्त असे युनिकोड फॉन्ट बदलून पाहिले, सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

दोष फॉन्टचा नसून माझ्याकडील मजकूर-मांडणीच्या सेटिंगचा होता. माझ्याकडील आवृत्तीत प्रथम एडिट, मग प्रेफरन्सेस, मग टाइप येथे जाऊन ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारी मांडणी) निवडावे लागे. त्याहून जुन्या आवृत्त्यांत याच ठिकाणी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय असे. त्यानंतर फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावे. एवढ्याने आधीच तयार असलेले मजकुराचे लेयर (चित्रातील स्वतंत्र थर) सुधारत नसत, आणि मी नेमका येथेच अडखळलो होतो. असा प्रत्येक लेयर निवडून, पॅराग्राफ पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यातील मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ पुन्हा लागू करावे लागे. ते करताच वेलांटी ‘स’च्या डावीकडे आली आणि रफार ‘यो’च्या डोक्यावर चढला.