संस्थेतल्या माणसांच्या ट्रेनिंगला पैसा कुठून आणायचा, आमचा बीडचा अनुभव

नवीन संस्था काढलेली पोरं-पोरी फोन करून एकच विचारतात, ताई आमच्या कार्यकर्त्यांना ट्रेनिंग द्यायचंय, ग्रँट कुठं मिळेल. दरवेळी तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहायलेय.

आमची संस्था बीड जिल्ह्यात, माणसं सगळी मिळून नऊ, त्यातल्या पाच ताई गावोगाव फिरणाऱ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या लेकरांची शाळा तुटू नये, हे मेन काम. पहिली सहा वर्षं ट्रेनिंग कुणालाच नाही, कारण आम्हालाच वाटायचं की आलेला पैसा लेकरांचा, तो आपल्यावर कसा खर्चायचा. मग एका ऑडिटला सीएंनी व्हाउचरची फाईल उघडली, बराच वेळ बघत बसले अन् म्हणाले, "हे कुणी लिहिलंय?" लिहिलं होतं आमच्या बारावी आर्ट्स झालेल्या पोरीनं. तिला कॅशबुक कुणी शिकवलंच नव्हतं तर तिची काय चूक. त्या दिवशी लाज आमची आम्हालाच वाटली.

तर पहिलं म्हणजे, 'स्टाफ ट्रेनिंग ग्रँट' अशी पाटी लावून बसलेला दाता छोट्या संस्थेला क्वचित सापडतो. मी दोन महिने गूगलवर घालवले. बरंचसं परदेशी पैशाचं निघालं, म्हणजे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी) पाहिजे, अन् त्याला संस्था तीन वर्षं जुनी अन् त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो, आमचा तेव्हा त्याच्या निम्मा पण नव्हता. पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्था त्यांच्या परदेशी निधीतून थोडं खाली द्यायच्या, त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पण बंद, एकानं घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. पण पैसा देता येत नाही, शेजारी बसवून शिकवता येतं ना! त्यांचं स्वतःचं ट्रेनिंग चाललेलं असतं, त्यात आमच्या दोघी घेता का, एवढं विचारायचं. आमच्या पहिल्या दोन ताई अशाच गेल्या, जेवण-मुक्काम सगळं तिकडून.

दुसरा रस्ता सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांना कायद्यानं समाजाच्या कामावर खर्चावा लागतो त्या पैशाचा, अन् इथं आम्ही तोंडावर आपटलो. बजेटमध्ये एक ओळ टाकली, 'क्षमता बांधणी : ३,५०,०००'. काय, कुणाची, कशासाठी, काही नाही. एका कंपनीच्या साहेबांनी तिथंच पेनानं काट मारली, म्हणे हे अ‍ॅडमिनमध्ये येतं, अ‍ॅडमिन ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. आम्ही मान डोलवून परत. नंतर एका ओळखीच्या वकिलांनी जानेवारी २०२१ चे नियम काढून दाखवले, तर ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, अन् एखादा प्रोजेक्ट राबवायला थेट लागणारा खर्च त्यात धरतच नाहीत. साहेबांशी भांडायला गेलो नाही, भांडून पैसा येत नसतो. पुढच्या वर्षी दुसरीकडं लिहिलं ते असं : 'वाचन चाचणी घेणाऱ्या पाच ताईंना तीन दिवस प्रशिक्षण, दोन महिन्यांनी एक दिवस उजळणी, हिशोबनिसाला टॅलीचा क्लास, एकूण ४८,०००'. एक प्रश्न न येता पास. (आयकराच्या १२ए अन् ८०जी नोंदण्या, सरकारच्या संस्था-पोर्टलवरचा दर्पणचा नंबर अन् सीएसआरचा पैसा घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी हे आधी करून ठेवा, त्याशिवाय पुढचं कुणी वाचत नाही.)

बजेट करताना फीच तेवढी डोळ्यापुढं येते, बाकीचं राहून जातं. ताई तीन दिवस गावात नाही तर तिचं मानधन कापायचं का? नाही, तेही लिहायचं. एकीचं लेकरू अंगावर पिणारं होतं तर सोबत आजीचं तिकीट अन् जेवण लिहिलं, फंडरनं ते पण मान्य केलं, लाजायचं नाही. उलटी चूक पण झाली. एसटीचं भाडं फुल धरलं होतं अन् मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, मग उरलेले पैसे रिपोर्टमध्ये दाखवून परत करावे लागले. ट्रेनरला रोख देऊ नका, बँकेतूनच द्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले की ऑडिटला वांधे होतात. अन् पाच जणींना पुण्याला न्यायच्या ऐवजी एक ट्रेनर इकडं आणलेला कधी पण स्वस्त. तुळजापूरला टीआयएसएसचं (समाजकार्य शिकवणाऱ्या टाटा इन्स्टिट्यूटचं) कॅम्पस आहे, आधी तिकडं विचारा, फक्त नवरात्रात नको, त्या गर्दीत लॉजची खोली मिळायची नाही.

टायमिंग लई महत्त्वाचं. पेरणी उरकल्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्याकडं जरा सवड असते, नंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात अन् ताई मागं राहिलेल्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहात अडकतात. कंपन्यांचा पैसा मात्र बऱ्याचदा जानेवारी-फेब्रुवारीत सुटतो अन् मार्चच्या आत खर्चा म्हणतात. म्हणून आम्ही प्रस्तावातच लिहितो की ट्रेनिंगचा हप्ता जूनच्या आत पाहिजे. काहीजण ऐकतात.

"शिकून सोडून गेली तर?" हे हमखास विचारतात. हो, जातात. आमची ती हिशोबाची पोरगी टॅली शिकली अन् दीड वर्षात संभाजीनगरला मोठ्या संस्थेत लागली, पगार दुप्पट. बाँड लिहून घ्या असं कमिटीतल्या एकानं सुचवलं होतं, मी नाही म्हटलं, आठ हजारात राबणाऱ्या पोरीला बाँड कसला घालायचा. फक्त तेव्हापासून एका कामाला दोघींना शिकवतो. जायच्या आधी तिनं पंधरा दिवस दुसरीला शेजारी बसवून सगळं दाखवलं, अन् यंदा सीएंनी फाईल उघडली, पानं चाळली अन् चहा मागितला.