जुनी ‘गुलामगिरी’ सापडली तर

सत्यशोधक चळवळ सातारा जिल्ह्यात खोलवर रुजली होती, आणि जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुणही इथलंच, खटाव तालुक्यातलं. त्यामुळे माळ्यावरच्या पेटीत त्यांच्या ‘गुलामगिरी’तला जोतीराव-धोंडिबाचा संवाद निघाला, की १८७३ ची पहिली आवृत्ती सापडल्याची बातमी गावभर होते. आधी तपासा.

किंमत पाहा. ‘नये पैसे’ असतील तर पुस्तक १९५७ नंतरचं. मग शुद्धलेखन. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. ते नसतील तर प्रत उशिराची. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पुनर्मुद्रणात जुनं लेखन तसंच ठेवतात. शके असेल तर ७८ मिळवा; शके १७९५ म्हणजे १८७३-७४. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक होतं, तेही शोधा.

मग कागद पाहा. अंधाऱ्या खोलीत पान आडवं धरून बाजूने टॉर्च मारा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत अक्षर कागदात रुतलेलं दिसतं, मागून बोटाला उठाव लागतो. ऑफसेटचं पान सपाट असतं. शिळाप्रेसचंही, म्हणजे दगडावरून छापलेलंही, सपाटच, पण तिथे अक्षर हाताने लिहिलेलं असतं. एकाच पानावरचे दोन ‘क’ तंतोतंत जुळत नाहीत.

पानं मोजताना पृष्ठांकावर भिस्त ठेवू नका. सोळा पानी फर्मा (एकत्र दुमडून शिवलेला पानांचा संच) असेल तर पृष्ठ १, १७, ३३ च्या तळाशी बारीक आकडा असतो आणि शिवणीचा दोरा ८-९, २४-२५ च्या मध्ये दिसतो. दोरा भलत्याच जागी असला तर त्या फर्म्यातलं पान गळलंय किंवा मागाहून चिकटवलंय. सोळा परिच्छेद, इंग्रजी प्रस्तावना आणि अमेरिकेतल्या लोकांना केलेली अर्पणपत्रिका आहे का, तेही बघा.

ही मोजणी संपेपर्यंत बाइंडरकडे जाऊ नका. तो कडा कापतो, त्यात समासातल्या जुन्या नोंदी जातात. खळीत मोरचूद घालतो, त्याने कागद पुढे ठिसूळ होतो. सेलोटेप तर नकोच, तिचा डिंक पिवळा होऊन आत मुरतो.

फाटलं असेल तर गव्हाचा वाळवलेला चीक एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर वीसेक मिनिटं हलवत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. गार झाल्यावर सायीइतका पातळ करा. जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) सेंटिमीटरभर पट्टी हाताने फाडा; कात्रीने कापली तर कडेला नवी चीर पडते. ती लावून वर पातळ पॉलिएस्टरचं कापड, मग टीपकागद आणि वजन, रात्रभर. कापड विसरलात तर टीपकागद पानाला चिकटतो. छपाईची शाई सहसा पाण्याने उतरत नाही, पण मालकाची सही आणि रबरी शिक्का फुटतो. तिथे आधी ओल्या कापसाचं टोक लावून पाहा.

पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. न रंगवलेल्या सुती रुमालात बांधून आडवं ठेवा, भिंतीला टेकवू नका. कसर लागली आहे का, ते महिन्यातून एकदा उघडून पाहा.